गावानं रान राखायचं म्हणजे काय करायचं? राधानगरीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईतोवर माणूस दहा-पंधरा मिनिटं अडकतो आणि अडकलेला माणूस प्रश्न विचारतो. त्यात मी गावच्या जैवविविधता समितीत, त्यामुळे गव्यापासून घोणशीपर्यंतच्या सगळ्या तक्रारी जोंधळ्याच्या डब्यासोबतच येतात. शहरातल्या लोकांचे प्रश्न फोनवर येतात आणि ते वेगळे असतात. दोन्हीकडचे तेच ते प्रश्न एकदाचे लिहून काढले.

तुमचं गाव अभयारण्यात येतं का?

नाही, काठावर येतं. कोल्हापुरातून राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची घरं आहेत. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी 1958 मध्ये राखीव झालं, राज्यातलं ते पहिलं अभयारण्य. 1985 मध्ये त्याची हद्द वाढून क्षेत्र 351 चौरस किलोमीटर झालं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या निवडक जंगलांबरोबर राधानगरीचं नावही जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

हे सगळं हद्दीच्या आतलं. हद्दीबाहेर लोकांची मालकी रानं आहेत, गायरान आहे, देवराई आहे, जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार आहे, ओढे आहेत. तिथं वनखात्याचा माणूस रोज फिरकत नाही. गव्याला हद्दीचा दगड वाचता येत नाही, तो दोन्हीकडे चरतो. गावानं राखायचं ते हे बाहेरचं रान. आतलं राखायला सरकार आहे.

गवे शेतात उतरतातच का? जंगलात खायला नाही का?

आहे, पण पूर्वीसारखं नाही. जंगलातल्या मोकळ्या गवताळ जागा रानमोडी आणि घाणेरीनं भरत चालल्यात. दोन्ही बाहेरून आलेल्या वनस्पती, दोन्हींना गवा तोंड लावत नाही आणि त्यांच्या खाली गवत येत नाही. उन्हाळ्यात वरचे झरे आटतात. खाली धरणाच्या पाण्यावर वाढलेला हिरवागार ऊस दिसतो. तुम्ही गवा असता तर काय केलं असतं?

म्हणून पावसाळा सरता सरता, माती ओली असताना, आम्ही रानमोडी मुळासकट उपटतो. कोयत्यानं छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. थंडीत फुलून बी उडायच्या आत हे काम व्हावं लागतं. कंटाळवाणं काम आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे त्याला माणसं कमी मिळतात.

गवा समोर आला तर काय करायचं?

थांबायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही, बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारायची नाही. मोटारसायकलवर असाल तर लांबच उभे राहा आणि त्याला रस्ता ओलांडू द्या. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. अंग काळं, पायात पांढरे मोजे घातल्यागत. तो आडवा उभा राहून आपलं अंग दाखवतो तेव्हा लोकांना वाटतं, बघत बसलाय. तो इशारा असतो. मादी आणि वासरू यांच्या मधे कधीही जाऊ नका.

एकटा गवा वाट चुकून वस्तीत शिरला तर वनखात्याच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि गर्दी हटवा. गव्यापेक्षा गर्दी हटवणं अवघड. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्याचं काय झालं ते सगळ्या राज्यानं पाहिलं. तासन्‌तास पाठलाग झाला, तो बिथरला, शेवटी पकडला आणि मेला. आमच्याकडे उसात गवा दिसला की पोरं मोबाईल काढून बांधावर जमतात. त्यांना घरी पाठवायचं काम आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांवर सोपवलंय. पोलीस पाटलांपेक्षा त्यांच्या शिव्यांना पोरं जास्त भितात.

पिकाची भरपाई खरंच मिळते का, का नुसतं कागदावर?

गिरणीवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मिळते, पण उशिरा, आणि कागद नीट असतील तरच.

नुकसान दिसलं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवायचं. "उद्या बघू" म्हटलं की गेलं. रान तसंच ठेवायचं. तुडवलेला भात, मोडलेला ऊस, खुरांचे ठसे, लेंडी यांचे फोटो काढायचे आणि फोटोत शेताची एखादी ओळखीची खूण येऊ द्यायची. अर्जासोबत सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत. पंचनाम्याला वन, कृषी आणि महसूल अशी तिन्ही खात्यांची माणसं लागतात आणि तिघांना एका दिवशी एका बांधावर उभं करणं ही कला आहे. गाय-म्हैस मारली असेल तर 48 तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका. वासाला भिऊन लोक ओढ्यात लोटतात आणि मग पुरावाच राहत नाही.

सातबारावर चार भावांची नावं आणि त्यातले दोघे मुंबईला, ही नेहमीची अडचण. संमतीपत्र आधीच करून ठेवा.

माझ्या स्वतःच्या नाचणीचा अर्ज एका कार्यालयात दोनदा हरवला. तिसऱ्यांदा मी पोच घेतली. तेव्हापासून समितीचा नियम आहे की पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. गावातली बी.कॉम. झालेली एक पोरगी आता सगळ्यांचे अर्ज भरून देते आणि अर्जांची वही गिरणीतच असते. सुरुवातीला आम्ही शाळेत पडदा लावून वन्यजीवांवर भाषणं ठेवली होती. पुढच्या बाकावरचे एक तात्या उठून म्हणाले, "गवा आला की भाषण ऐकाय थांबतोय व्हय रं?" त्यानंतर भाषणं बंद केली आणि अर्ज भरायला बसलो. सहा महिन्यांत तेच तात्या फासकी, म्हणजे शिकारीचा तारेचा फास, कुठं लागलीय ते सांगायला लागले. कोणी मला विचारलं की गावाला वन्यजीवांच्या बाजूला कसं वळवायचं, तर मी ही वही दाखवतो.

कुंपणात करंट सोडला तर काय बिघडतं?

जीव जातो. डुकराचा जातोच, पण पहाटे पाणी पाजायला गेलेल्या शेजाऱ्याचाही जातो. थेट लाईनची वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि माणूस मेला तर खटला वेगळाच. सौर कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा असतो, जनावर मागं सरतं, मरत नाही. त्याला वनखात्याकडून अनुदानाच्या योजना असतात, वनरक्षकाकडे चौकशी करा. फक्त तारेखालचं गवत काढत राहावं लागतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि कुंपण नुसतं शोभेचं उरतं.

फासकी म्हणजे काय, आणि ती लावतं कोण?

बाहेरच्यांना वाटतं शिकारी म्हणजे बंदूकवाला. आमच्याकडे बंदुकीपेक्षा तार जास्त मारते. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घ्यायची, एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक कुंपणाच्या खांबाला किंवा बुंध्याला. जनावराच्या रोजच्या वाटेवर गुडघाभर उंचीवर टांगायची. पैसे लागत नाहीत, आवाज होत नाही. लावली असते डुकरासाठी किंवा सशासाठी, पण तार माणसासारखी निवड करत नाही. भेकर अडकतं, साळिंदर अडकतं, बिबट्याही अडकतो. जितकं ओढेल तितकी गाठ आवळते.

दर दिवाळीनंतर ऊसतोड सुरू व्हायच्या आधी आम्ही ओढ्याकडेच्या कुंपणांतून फिरतो. पहिल्या वर्षी एका सकाळीच पिशवी भरली. त्यातल्या एका तारेला वाळलेलं कातडं आणि राखाडी केस चिकटलेले होते, कशाचे ते कळलंही नाही. ती तार मी गिरणीच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे.

लावणारे गावातलेच, हे उघड आहे. नावं घेऊन पहिल्याच दिवशी तक्रार केली असती तर समिती तिथंच संपली असती. आम्ही तारा काढून आणल्या, ग्रामसभेत टेबलावर ठेवल्या आणि कोणाच्या ते विचारलं नाही. पुढच्या वर्षी निम्म्याहून कमी सापडल्या. मात्र गावठी बॉम्ब आणि बाहेरून गाडी घेऊन येणारे यांची गोष्ट वेगळी, तिथं थेट वनखातं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे आणि गवा त्याच अनुसूचीत आहे. डुकरानं पीक खाल्लं तरी परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हाच.

वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हे खरं का?

अर्धं खरं, म्हणूनच पुसून टाकणं अवघड. जळल्यावर राखेतून कोवळे कोंब लवकर दिसतात. पण दरवर्षी जाळलं की चांगलं बहुवर्षायू गवत कमी होत जातं, झाडांची रोपं मरतात, आणि जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात उघडी माती ओढ्यात जाते. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, ससे, साप, कासवं यांना तर पळायलाही जागा नसते. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते दाजीपूरला जुलैत एक दिवस काढलेल्याला सांगायला नको.

वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरतात. आम्ही जानेवारीतच जाळरेषा काढतो. रस्त्याकडेनं आणि डोंगराच्या पायथ्यानं गवत कापून पट्टा मोकळा करायचा आणि वनखात्याच्या माणसांच्या देखत, वारा पडलेला असताना, तो जाळून घ्यायचा. मोठी आग आली की इथं येऊन अडते. आग लागलीच तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवायची, वाऱ्याच्या तोंडासमोर न जाता मागून आणि बाजूनं. टायरचा तुकडा काठीला बांधून केलेलं झोडपणंही चालतं. नायलॉनचे कपडे घालून येऊ नका. सांगूनही दरवर्षी एक जण ट्रॅकसूट घालून येतोच.

लागतो कसा? वैरणीच्या आशेनं, बांध जाळताना ठिणगी उडून, आग्या मोहोळाचा मध धूर करून काढताना, आणि हल्ली रस्त्याकडेला जेवण शिजवणाऱ्या पर्यटकांच्या चुलीतून. पाचट न जाळता शेतातच कुजवायला लागलेले शेतकरी वाढले, तेवढ्यानंही फरक पडला.

देवराईत एवढं काय आहे?

जुनी झाडं. बाहेर तीस-चाळीस वर्षांचं झाड तोडायला लोक उभेच असतात. देवराईत देवाच्या भीतीनं बेहडा, जांभूळ, नांद्रुक असे बुंधे वाचले, ज्यांना कवेत घ्यायला तीन माणसं लागतात. अशा बुंध्यांत ढोली असतात आणि ढोलीशिवाय धनेशाची वीण होत नाही.

हा पक्षी मी पहिल्यांदा नीट पाहिला तो मार्चमध्ये, देवळामागच्या बेहड्यावर. मादी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेनं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट राहते. आत अंडी, मग पिल्लं, आणि बाहेरून नर दिवसभर उंबर-नांद्रुकाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. मी झाडाखाली बसलो होतो. नर आला, घशातून एक एक फळ वर काढलं, चोचीच्या टोकावर आणलं आणि आत दिलं. मी मोजत होतो, मधेच गोंधळलो. हा नर कोणी मारला तर आतल्या सगळ्या कुटुंबावर उपाशी मरायची वेळ येते. एका गोळीत चार जीव. हा हिशोब गावात सांगितला तेव्हा बायकांना पहिल्यांदा पटला.

देवराईला सगळ्यात मोठा धोका कुऱ्हाडीचा नसून जीर्णोद्धाराचा आहे, हे लिहिल्यावर काही जण रागावतील. कौलारू देऊळ पाडून स्लॅब घालायचा, पुढे मंडप, त्यापुढे फरशी, गाड्या लावायला जागा. देवाच्याच नावानं देवाची झाडं जातात. आमच्याकडे अशी बैठक झाली. वाद झाला, दोन घरं अजून बोलत नाहीत. शेवटी पुजारी मामांनी देवाला कौल लावला. कौल झाडांच्या बाजूनं आला. मी त्यावर अधिक काही विचारलेलं नाही.

आमच्या ग्रुपला झाडं लावायला यायचंय. जागा द्याल?

आधी आमची फजिती ऐका. एका कंपनीनं गुलमोहर आणि निलगिरीची रोपं पाठवली. फोटोला मोकळी जागा हवी म्हणून आम्ही ती सड्यावर लावली. जांभ्यात पहारीनं खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली. उन्हाळ्यात रोपं मेली, हे बरंच झालं. कारण सडा म्हणजे ओसाड जागा नाही, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं बोटभर उंचीची फुलं गालिचा घालतात. पांढरे गेंद, जांभळी सीतेची आसवं, आणि चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू. त्यांना ऊन आणि पातळ माती लागते, सावली पडली की ती संपतात. आमचे खड्डे आजही दिसतात.

तेव्हा झाडं लावायला येऊ नका. यायचंच तर रानमोडी उपटायला या. वर त्याचा फोटो चांगला येत नाही हे लिहिलंच आहे.

काजवे बघायला कधी यावं?

मे महिन्याच्या अखेरीपासून, पहिला जोराचा पाऊस लागेपर्यंत. झाडच्या झाड एका तालात उजळतं आणि विझतं. तो प्रकाश म्हणजे नराचं मादीला बोलावणं असतं. मोबाईलची बॅटरी, गाडीचे हेडलाइट, कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की ते बोलावणं बुडतं. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, चालत या, पाच मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. डब्यात भरून नेऊ नका, पोराच्या हट्टासाठीसुद्धा. आणि येताना हळू चालवा, त्याच दिवसांत बेडूक, खेकडे आणि साप घाटाच्या रस्त्यावर येतात.

घरात साप निघाला तर?

नजर ठेवा आणि माहीतगार सर्पमित्राला किंवा 1926 ला फोन करा. बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखून ठेवा, सापाच्या विषावरची लस याच चौघांवर चालते. रानातल्या हिरव्या चापड्यावर ती उपयोगी पडत नाही, तिथं डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. चावल्यावर चिरा देणं, घट्ट आवळणं, मांत्रिक, कोंबडी लावणं यात वेळ जातो. हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. साप धरून व्हिडिओ करणारे सर्पमित्र बोलावू नका. काम होईपर्यंत सापही दमतो आणि आपणही.

वाघ आहे का?

राधानगरीत कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचे फोटो आलेले आहेत. 2010 मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उत्तरेला, तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटकची जंगलं दक्षिणेला, आणि आम्ही मधल्या वाटेवर. वाघ इथून जातो-येतो असं समजा. मी पाहिलेला नाही. पाहिला असं सांगणारे गावात सात जण आहेत आणि सातही जण तो रात्रीच पाहतात.

जैवविविधता समिती म्हणजे नेमकं काय? नुसता बोर्ड का?

बऱ्याच गावांत नुसता बोर्डच आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ही नोंदवही कोणीतरी बाहेरून येऊन दोन दिवसांत भरून जातो आणि त्यात भलत्याच झाडांची नावं निघतात. आम्ही ती परत लिहायला घेतली. धनगरवाड्यावरच्या आजींनी वैरणीच्या गवतांची जी नावं सांगितली ती कुठल्याच पुस्तकात मिळाली नाहीत. ती तशीच लिहिली. लहानसं म्हणून सोडून देऊ नये, याचं उदाहरण जवळच आहे. दाजीपूरच्या रानातली एक चिमुकली पाल 2009 मध्ये विज्ञानाला नवीन म्हणून नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावात कोल्हापूर आहे, कोल्हापूरेन्सिस.

मालकीच्या किंवा गावच्या जमिनीवर लोकांच्या मर्जीनं समुदाय राखीव क्षेत्रही करता येतं. त्याच्या समितीत ग्रामपंचायतीनं नेमलेले सदस्य असतात. आमच्याकडे चर्चा आहे, ठराव नाही.

याच्यात पडलो तर आमच्या जमिनी सरकार घेणार का?

जैवविविधता समिती किंवा नोंदवही केली म्हणून सातबारा बदलत नाही. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे खाणी-कारखान्यांवर निर्बंध घालायच्या पट्ट्याचा, विषय निराळा आहे. त्याच्या मसुद्यात गावांच्या याद्या आहेत आणि मसुदा निघाला की ठरलेल्या मुदतीत त्यावर हरकती घेता येतात. मसुदा मराठीत मागून घ्या, ग्रामसभेत वाचा, पटत नसेल ते लेखी द्या. खाणी आणि मोठे प्रदूषणकारी कारखाने यांच्यावरचे निर्बंध आणि तुमची भातशेती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या मुद्दाम एकत्र करून भीती घालणारे कोण आहेत आणि त्यांचा बॉक्साइटच्या खाणींशी काय संबंध, हे ज्यानं त्यानं बघावं.

यातून गावाला पैसा मिळतो का?

थोडा. उन्हाळ्यात दोन-चार पोरांना वाटाड्याचं काम, तीन घरांत जेवणाची सोय. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव "मधाचे गाव" झालं, ते पाहून आमच्या बचत गटानं सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. पहिल्या वर्षी मुंग्यांनी निम्म्या वसाहती पळवून लावल्या. आता पेटीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवतात.

मला मदत करायची आहे. कधी येऊ?

जानेवारीतला दुसरा किंवा तिसरा रविवार, जाळरेषेच्या कामाला. सकाळी सात वाजता गिरणीपाशी. सुती कपडे आणि बूट. कोयते आमच्याकडे आहेत, भाकरी-पिठलं गावात मिळेल. पाण्याची बाटली तुमची तुम्ही आणा, आणि जाताना परत न्या.